जुनी क्रोनोग्राफ घड्याळे जमवताना : नवख्या संग्राहकासाठी मार्गदर्शन

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवण्याबरोबरच मधला कालावधी मोजून देणारे घड्याळ. त्याच्या बाजूला दोन बटणे असतात. दोनच्या आकड्याजवळचे बटण दाबले की तबकडीच्या मध्यावरचा लांब सेकंदकाटा धावू लागतो, तेच पुन्हा दाबले की थांबतो, आणि चारच्या आकड्याजवळचे बटण दाबताच मोजणीचे सगळे काटे एका क्षणात शून्यावर परततात. मूळ घड्याळ मात्र या सगळ्या काळात आपल्या गतीने चालूच राहते. या तीन क्रियांसाठी लागणाऱ्या तरफा, स्प्रिंगा आणि दातेरी चाके सुमारे तीन सेंटीमीटर व्यासाच्या यंत्रणेत बसवलेली असतात आणि जुन्या काळी त्यांतील बरेच भाग कारागिराने हाताने जुळवून घेतलेले असत. बटणाखाली बोटाला जाणवणारा तो हलका अडथळा आणि त्यानंतरची टक् अशी सुटका ही त्या जुळवणीची थेट खूण आहे. म्हणूनच जुने क्रोनोग्राफ जमवण्याचे आकर्षण नुसत्या पाहण्यात संपत नाही, आणि म्हणूनच नवख्याने नावांची यादी पाठ करण्याआधी यंत्रणा आणि घड्याळाची अस्सल अवस्था ओळखायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम यंत्रणा समजून घ्यावी

काटे एका क्षणात शून्यावर कसे येतात, हे समजले की अर्धा क्रोनोग्राफ समजला. मोजणीच्या काट्याच्या अक्षावर हृदयाच्या आकाराचा एक छोटा कॅम, म्हणजे खास आकाराची कड असलेली चकती, असतो. दुसरे बटण दाबले की हातोडीसारखी तरफ त्या कॅमच्या कडेवर आदळते आणि कॅम कोणत्याही स्थितीत असला तरी फिरून एकाच ठरलेल्या जागी येऊन थांबतो. लंडनमध्ये काम करणारे स्विस घड्याळजी अडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले आणि आजचे क्रोनोग्राफही मुळात याच तत्त्वावर चालतात.

बटणाची आज्ञा बाकीच्या तरफांपर्यंत पोहोचवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत उभे खांब असलेले एक चाक असते, त्याला कॉलम व्हील म्हणतात. प्रत्येक दाबासरशी ते एक घर पुढे सरकते आणि तरफांची टोके कधी खांबावर चढतात, तर कधी दोन खांबांमधल्या खाचेत उतरतात. दुसऱ्या पद्धतीत या चाकाऐवजी पत्र्यातून कापलेला आणि मागेपुढे होणारा कॅम असतो. लांदेरॉन या कारखान्याने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही स्वस्त आणि दणकट पद्धत रुळवली. कॉलम व्हीलचे घड्याळच खरे, असे नवख्याला वारंवार सांगितले जाते. कॉलम व्हीलचा दाब अधिक मऊ आणि एकसारखा लागतो, हे मान्य केले तरी कॅमच्या यंत्रणेला दुय्यम ठरवणे अन्यायाचे आहे. ओमेगाने आपल्या प्रसिद्ध स्पीडमास्टरमधील कॉलम व्हीलचे ३२१ हे कॅलिबर (यंत्रणेचा विशिष्ट प्रकार, जो क्रमांकाने ओळखला जातो) बाजूला ठेवून १९६८ मध्ये कॅमवर चालणारे ८६१ आणले आणि त्या घड्याळाची ख्याती त्यानंतरही कमी झाली नाही.

तिसरी गोष्ट जोडणीची. बहुतेक जुन्या क्रोनोग्राफांत सतत फिरणारे एक दातेरी चाक बाजूने सरकून मोजणीच्या चाकाला भिडते. दोन्ही चाकांचे दाते नेमके समोरासमोर आले तर सुरुवातीला काटा किंचित उडी मारतो. तो या रचनेचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. मात्र उडी मोठी असेल किंवा काटा थरथरत चालत असेल, तर जुळवणी बिघडलेली आहे असे समजावे.

नवख्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी माहिती पुढची आहे. विसाव्या शतकात घड्याळावर आपले नाव छापणाऱ्या बहुतेक कंपन्या क्रोनोग्राफची यंत्रणा स्वतः बनवत नसत. व्हाल्झू, व्हीनस, लांदेरॉन, लेमानिया असे मोजके कारखाने कच्ची यंत्रणा तयार करत आणि कंपन्या ती घेऊन आपापल्या दर्जाप्रमाणे पूर्ण करत. १९३८ मध्ये आलेले व्हाल्झू ७२ हे कॅलिबर रोलेक्सच्या सुरुवातीच्या डेटोनांत सुधारित रूपात होते, होयरच्या कॅरेरात होते आणि आज कुणाला नावही आठवत नाही अशा अनेक कंपन्यांच्या घड्याळांतही होते. तबकडीवरचे नाव बदलले की किंमत कित्येक पटींनी बदलते, आतले मशीन मात्र एकाच घराण्याचे असते. सुरुवातीची खरेदी या फटीतून करावी.

काळाचे टप्पे ओळखावे

मनगटावरच्या सुरुवातीच्या क्रोनोग्राफांत लाँजीनचे १९१३ चे १३.३३झेड हे कॅलिबर महत्त्वाचे मानले जाते. त्या काळी सुरू करणे, थांबवणे आणि शून्यावर आणणे ही तिन्ही कामे चावीतच, म्हणजे बाजूच्या फिरवण्याच्या बोंडातच, बसवलेल्या एका बटणाने होत. ब्राइटलिंगने १९१५ मध्ये बटण चावीपासून वेगळे केले आणि १९३४ मध्ये शून्यावर आणण्यासाठी दुसरे बटण दिले. तेव्हापासून मोजणी मध्येच थांबवून, शून्यावर न आणता, तिथूनच पुढे चालू करता येऊ लागली. लाँजीनचे १९३६ चे १३झेडएन आणखी पुढे गेले. त्याच्या अनेक घड्याळांत धावता काटा न थांबवता, एकाच दाबात शून्यावर आणून पुन्हा सोडता येतो. वैमानिकाला एका दिशेने ठराविक वेळ उडून लगेच पुढची दिशा मोजायची असे, तेव्हा ही सोय मोलाची ठरे.

१९३० आणि १९४० च्या दशकांतील तबकड्या वाचणे हा या छंदातील मोठा आनंद आहे, कारण घड्याळ कुणासाठी बनवले होते हे तबकडीच सांगते. टॅकीमीटरची पट्टी वेगासाठी असते. एक किलोमीटर अंतर ३० सेकंदांत कापले, तर काटा ताशी १२० वर थांबतो. टेलीमीटरची पट्टी ध्वनीच्या वेगावर आखलेली असते. तोफेची किंवा विजेची चमक दिसताच बटण दाबायचे आणि आवाज ऐकू येताच थांबवायचे, की काट्याखाली अंतर किलोमीटरमध्ये वाचता येते. पल्सोमीटरची पट्टी डॉक्टरांसाठी असे. तीवर बहुधा ३० ठोक्यांचा आधार लिहिलेला असतो. तितके ठोके मोजून झाले की काटा थांबवायचा आणि मिनिटाची नाडी थेट वाचायची. पुष्कळ जुन्या तबकड्यांवर दोन सेकंदखुणांमध्ये पाच भाग पाडलेले दिसतात, कारण तासाला १८,००० ठोके देणारी यंत्रणा सेकंदाला पाच पावले टाकते. अशा घड्याळाच्या बाह्य पट्टीवर एका सेकंदाचे चारच भाग असतील, तर तबकडी तपासून पाहावी. ती दुसऱ्या यंत्रणेसाठी बनवलेली असू शकते.

पुढचा काळ अधिक परिचित आहे. हिशेबासाठी गोल सरकपट्टी असलेला ब्राइटलिंगचा नॅव्हिटायमर १९५० च्या दशकात आला, ओमेगाचा स्पीडमास्टर १९५७ मध्ये, होयरची मनगटी ऑटाव्हिया १९६२ मध्ये आणि कॅरेरा १९६३ मध्ये. डेटोनाच्या मालिकेची सुरुवातही १९६३ ची. नासाने कठोर चाचण्यांनंतर १९६५ मध्ये स्पीडमास्टरला मानवी अंतराळ मोहिमांसाठी मान्यता दिली आणि १९६९ मध्ये तो चंद्रावर गेला.

त्याच १९६९ मध्ये स्वयंचलित, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारा, क्रोनोग्राफ प्रथम कोण आणतो याची शर्यत लागली होती. झेनिथने जानेवारीत एल प्रिमेरो जाहीर केले, ज्याची यंत्रणा तासाला ३६,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजते. मार्चमध्ये होयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युब्वा देप्राझ यांनी मिळून बनवलेले कॅलिबर ११ जगापुढे आले. ते ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बटणे उजवीकडे आणि चावी डावीकडे. सीकोने जपानमध्ये ६१३९ त्याच वर्षी बाजारात आणले. अंतराळवीर विल्यम पोग यांनी ते घड्याळ १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाच्या मोहिमेत सोबत नेले होते. पण १९६९ च्या नाताळाच्या दिवशीच सीकोने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला ठेवले आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. व्हाल्झू ७२ चे उत्पादन १९७४ मध्ये थांबले. झेनिथच्या तेव्हाच्या मालकांनी यांत्रिक उत्पादन बंद करण्याचे ठरवले, तेव्हा शार्ल व्हेर्मो या कारागिराने एल प्रिमेरोची हत्यारे आणि आराखडे स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल येथील कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवले. ते वाचले म्हणूनच १९८० च्या दशकात ही यंत्रणा पुन्हा बनू शकली आणि १९८८ मध्ये स्वयंचलित डेटोनातही गेली. जुन्या क्रोनोग्राफविषयी जिव्हाळा वाटण्याचे एक कारण मला इथे दिसते. ही वस्तू जवळजवळ संपली होती, आणि ती टिकली ती काही माणसांनी तिला टाकाऊ मानायला नकार दिला म्हणून.

दुर्मीळतेचा अर्थ

पाटेक फिलिपने १९४१ पासून बनवलेल्या १५१८ या क्रोनोग्राफात शाश्वत पंचांगही (महिन्यांचे कमीजास्त दिवस आपोआप धरणारी दिनदर्शिका) आहे. त्याची एकूण २८१ घड्याळे बनली आणि पोलादी केसमधील (यंत्रणेभोवतीच्या बाहेरच्या कवचातील) केवळ चार ज्ञात आहेत. त्यांतील एक २०१६ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. पॉल न्यूमन या अभिनेत्याची स्वतःची डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. या बातम्या वाचाव्यात आणि बाजूला ठेवाव्यात, कारण नवख्याच्या खरेदीला त्यांचा काहीही उपयोग नाही.

त्याच्यासाठी दुर्मीळ म्हणजे न बिघडवलेले. एखादे घड्याळ हजारोंच्या संख्येने बनले असेल; पण साठ वर्षांत तबकडी पुन्हा रंगवली न गेलेले, केस घासून गोल न केलेले आणि मूळ काटे शाबूत असलेले नमुने त्यांतून किती उरले, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या नावाचे, पण अर्धे भाग बदललेले घड्याळ घेण्यापेक्षा लहान नावाचे आणि अखंड घड्याळ घेणे केव्हाही चांगले.

तबकडी, काटे आणि केस तपासावे

दहापट मोठे दाखवणारे भिंग ही पहिली खरेदी असावी. घड्याळ नंतर घ्यावे.

तपासणी तबकडीपासून सुरू करावी, कारण जुन्या क्रोनोग्राफच्या किमतीचा मोठा भाग तिच्यात असतो आणि फसवणूकही तिथेच अधिक होते. मूळ छपाई भिंगाखाली कडेला स्वच्छ आणि अक्षरांच्या जाडीत एकसारखी दिसते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे थोडी जाड किंवा एकमेकांना चिकटलेली असतात, सेकंदाच्या खुणा मुख्य तबकडीतल्या लहान तबकड्यांच्या कडेशी नीट जुळत नाहीत आणि लहान तबकड्यांतील बारीक वर्तुळाकार रेघा नव्या रंगाखाली बुजलेल्या असतात. सहाच्या आकड्याखालची स्विस बनावटीची ओळ नाहीशी झालेली असेल किंवा वेड्यावाकड्या जागी असेल, तर पुढे पाहण्याची गरज नाही. त्याच मॉडेलच्या निःसंशय अस्सल घड्याळांची छायाचित्रे लिलावगृहांच्या सूचींत मोठ्या आकारात मिळतात. एकेक अक्षर त्यांच्याशी पडताळून पाहावे. हे काम कंटाळवाणे वाटेल, परंतु डोळा तयार होतो तो यानेच.

अंधारात चमकणारा मसाला हा दुसरा पुरावा. १९६० च्या आसपासपर्यंत रेडियम वापरले जाई, नंतर ट्रिटियम आले आणि ते दर्शवण्यासाठी तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या शेजारी टी हे रोमन अक्षर छापले जाऊ लागले. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्यामुळे १९६० च्या दशकातील मसाला आज जवळजवळ निस्तेज असतो. अतिनील टॉर्च दाखवली तर तो क्षणभर उजळतो आणि लगेच विझतो. टॉर्च बंद केल्यावरही तो बराच वेळ हिरवागार चमकत राहिला, तर मसाला नवीन भरलेला आहे. तबकडीवरच्या आणि काट्यांवरच्या मसाल्याचा रंगही एकमेकांशी जुळायला हवा. रेडियमबाबत एक गंभीर सूचना आहे. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. असे घड्याळ स्वतः कधीही उघडू नये आणि मसाला खरवडू नये, कारण त्याची भुकटी श्वासावाटे शरीरात जाणे हा खरा धोका आहे.

काळी तबकडी उन्हाने एकसारखी तपकिरी झाली असेल, तर संग्राहक ती आवडीने घेतात आणि त्यासाठी जास्त पैसेही मोजतात. ओलाव्याचे डाग आणि उचकटलेला रंग यांनाही काही विक्रेते त्याच सुंदर शब्दांत गुंडाळतात. एकसारखा वृद्धत्वाचा रंग आणि नुकसान यांत फरक करावा.

केस पाहताना पट्टा अडकवण्याच्या चारही लगांच्या कडांवर लक्ष द्यावे. कारखान्यातून निघताना त्या कडा धारदार असतात. वारंवार पॉलिश केल्याने त्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर होतात आणि गेलेले पोलाद परत येत नाही. मागच्या झाकणावरचे क्रमांक आणि अक्षरे उथळ झाली असतील, तर तेही पॉलिशचेच लक्षण आहे. स्वस्त घड्याळांत पितळेवर क्रोमचा मुलामा असे. तो चावीजवळ आणि लगांच्या टोकांशी आधी उडतो, म्हणून सुरुवातीला पोलादी केस निवडावी. बाहेरच्या कड्यावरचे तपशीलही बोलके असतात. १९७० च्या आसपासपर्यंतच्या स्पीडमास्टरमध्ये टॅकीमीटरच्या ९० या आकड्यासंबंधीचा ठिपका आकड्याच्या वरच्या बाजूला असतो, नंतरच्यांत तो बाजूला आला. जुन्या घड्याळावर नंतरचे कडे बसवलेले असेल, तर किमतीत मोठा फरक पडतो.

यानंतर मागचे झाकण उघडलेले छायाचित्र मागावे. ते द्यायला जो विक्रेता तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नये. व्हाल्झूच्या यंत्रणांवर कॅलिबरचा क्रमांक तोलचक्राखाली (घड्याळाची गती राखणाऱ्या, मागेपुढे झुलणाऱ्या चाकाखाली) कोरलेला असतो. तो आणि त्या मॉडेलमध्ये अपेक्षित असलेले कॅलिबर यांचा मेळ बसला पाहिजे. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील, तर आत अनेक अडाणी हात फिरले आहेत. पोलादी स्प्रिंगांवर गंज असेल, तर पाणी आत गेलेले आहे आणि दुरुस्तीचा अंदाज दुप्पट धरावा.

घड्याळ हातात घेऊन चालवून पाहावे

चावी देऊन घड्याळ काही मिनिटे चालू द्यावे आणि मगच मोजणी सुरू करावी. वरचे बटण ठामपणे, पण सावकाश दाबावे. साठ सेकंद पूर्ण होताना मिनिटे मोजणारा छोटा काटा एक घर पुढे जातो. काही यंत्रणांत तो झटकन उडी मारतो, काहींत सावकाश सरकतो, पण दोन खुणांच्या मध्येच अडकून राहता कामा नये. शून्यावर आणल्यावर प्रत्येक काटा बरोबर खुणेवर यावा, आणि हे पाच-सहा वेळा करून पाहावे, कारण सैल बसवलेला काटा एकदा बरोबर येतो आणि चौथ्या वेळी सरकतो. मग मोजणी किमान अर्धा तास चालू ठेवावी. मोजणी जोडली की तोलचक्राचा झोका थोडा कमी होणे स्वाभाविक आहे. पण मूळ घड्याळच थांबत असेल, तर तेल वाळलेले आहे किंवा जोडणी चुकलेली आहे.

दोन अपवाद माहीत असावेत. लांदेरॉन ४८ मध्ये वरचे बटण फक्त सुरू करते. थांबवणे आणि शून्यावर आणणे ही दोन्ही कामे खालच्या बटणाची आहेत. हे ठाऊक नसलेले लोक वरचे बटण जोर लावून पुन्हा पुन्हा दाबतात आणि यंत्रणा बिघडवतात. सीको ६१३९ ला हाताने चावी देता येत नाही. ते हलवूनच चालू होते. त्याशिवाय, ज्या घड्याळात धावता काटा थेट शून्यावर आणण्याची खास सोय नाही, त्यात मोजणी चालू असताना खालचे बटण दाबू नये.

घड्याळाआधी घड्याळजी शोधावा

साधे तीन काट्यांचे घड्याळ उत्तम दुरुस्त करणारा प्रत्येक कारागीर क्रोनोग्राफला हात घालतोच असे नाही. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी क्रोनोग्राफचा अनुभव असलेला घड्याळजी गाठावा आणि हवे असलेले कॅलिबर तो करतो का, त्याचे भाग मिळतात का, हे विचारून घ्यावे. सर्व्हिसिंगचा खर्च साध्या घड्याळाच्या काही पट असतो. विक्रेत्याने सर्व्हिसिंग झाल्याचा लेखी पुरावा दाखवला नाही, तर तो खर्च खरेदीच्या किमतीत मिळवूनच हिशेब करावा.

पहिल्या खरेदीसाठी मी हाताने चावी देण्याचे, कॅमवर चालणारे आणि दोन लहान तबकड्यांचे घड्याळ सुचवेन, म्हणजे लांदेरॉन ४८ किंवा व्हाल्झू ७७३३ आणि ७७३४ यांसारख्या यंत्रणेचे. ती पुष्कळ बनली, त्यामुळे ती जाणणारे कारागीर आणि भाग दोन्ही सापडतात. व्हाल्झू ७७३४ च्या रचनेवर मॉस्कोत बनलेले पोल्योत ३१३३ हाही चांगला मार्ग आहे. कॉलम व्हीलचा दाब कसा असतो हे अनुभवायचे असेल, तर व्हीनस १७५ च्या रचनेवर चीनमधील त्यांजिन येथे आजही बनणारे कॅलिबर असलेले नवे घड्याळ हाताळून पाहावे. स्वयंचलित कॅलिबर ११ मात्र पहिल्या खरेदीसाठी टाळावे, कारण त्याची दुरुस्ती किचकट असते.

महत्त्वाच्या नावाचे घड्याळ घेताना कंपनीच्या अभिलेखागारातून माहिती मागवता येते. लाँजीनकडे जुन्या नोंदी क्रमांकानुसार जपलेल्या आहेत आणि घड्याळ मुळात कोणत्या स्वरूपात विकले गेले हे त्यांतून कळू शकते. मात्र कागद अस्सल असला तरी तो त्याच घड्याळाचा आहे, हे क्रमांक जुळवूनच ठरवावे.

घेतल्यानंतरची काळजी

सर्व्हिसिंगला देताना लेखी सूचना द्यावी : केस पॉलिश करू नये, तबकडी आणि काटे बदलू नयेत, मसाला नव्याने भरू नये आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मिळावा. ही सूचना दिली नाही, तर सद्भावनेने केलेले पॉलिश एका दुपारी घड्याळाचे निम्मे मोल घालवू शकते.

मागच्या झाकणावर जलरोधक असे कोरलेले असले, तरी जुना क्रोनोग्राफ पाण्यापासून दूरच ठेवावा. त्याची रबरी सीले म्हातारी झालेली असतात आणि बटणांच्या फटीतून ओलावा सहज शिरतो. हाताने चावी देण्याचे घड्याळ वापराच्या दिवशी सकाळी एकदा पूर्ण द्यावे आणि अडथळा लागताच थांबावे. मोजणी रोज सतत चालू ठेवू नये, पण महिनोन्‌महिने बंदही ठेवू नये. अधूनमधून काही मिनिटे चालवली की तरफा मोकळ्या राहतात. लोहचुंबक असलेल्या स्पीकरजवळ किंवा पिशवीच्या चुंबकी बंदाजवळ घड्याळ ठेवले, तर ते अचानक पुढे धावू लागते. असे झाल्यास घड्याळजीकडून चुंबकत्व काढून घ्यावे.

प्रत्येक घड्याळासाठी एक वही आणि एक पाकीट ठेवावे. वहीत खरेदीची तारीख, विक्रेत्याने दिलेली माहिती, कॅलिबर, केसचा क्रमांक आणि प्रत्येक सर्व्हिसिंगमध्ये काय केले याची नोंद असावी. पाकिटात बदललेले स्क्रू, स्प्रिंगा, जुनी काच आणि जुनी चावी त्यांच्या नावांसह ठेवावीत.